घरच्या साध्या लॅपटॉपवर आरमार सांभाळायचंय? मग 'रूल द वेव्ह्ज ३' खेळा

"दादा, जहाजांचा एखादा भारी स्ट्रॅटेजी गेम सांग ना, पण माझ्या लॅपटॉपवर चालला पाहिजे." हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी येतो. विचारणारे बहुतेक इंजिनिअरिंगच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला असतात. लॅपटॉप कॉलेजसाठी घेतलेला, आठ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. फोनवर युद्धनौकांचे दोन-तीन गेम खेळून झालेले असतात आणि कंटाळाही आलेला असतो.

मी विश्रामबागेत राहतो. आमच्याकडून समुद्र बघायचा तर आधी कोल्हापूर, मग आंबा घाट आणि मग रत्नागिरी. त्यामुळे सांगलीकरानं आरमारावर बोलावं का, असं कोणी विचारू शकेल. पण इथल्या ज्या कॉलेजमुळे विश्रामबाग सगळ्यांना माहीत आहे, त्याला ज्यांचं नाव आहे त्या वालचंद हिराचंदांचं अर्धं आयुष्य जहाजांपायी गेलं. त्याबद्दल पुढे सांगतो, कारण या गेमशी त्याचा थेट संबंध आहे.

फोनवरच्या गेममध्ये स्ट्रॅटेजी कुठे असते?

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. फोनवर जे युद्धनौकांचे गेम चालतात त्यातले बहुतेक ॲक्शन गेम आहेत. 'वर्ल्ड ऑफ वॉरशिप्स' घ्या, किंवा त्याची मोबाईलवरची भावंडं. तुम्हाला एक जहाज मिळतं, तुम्ही नेम धरता, गोळा सोडता, पाच-दहा मिनिटांत सामना संपतो. मजा येते, नाकारत नाही. पण ते जहाज बांधायचं की नाही, त्याला पैसा कुठून आला, ते बुडालं तर पुढची तीन वर्षं काय करायचं, हे प्रश्न तिथे नसतातच. बुडालेलं जहाज पुढच्या सामन्यात परत हजर. आणि चांगलं जहाज हवं असेल तर एकतर महिनोन्महिने खेळा नाहीतर पैसे भरून पेट्या उघडा.

लढाई सुरू झाल्यावर तुम्ही काय करता याला डावपेच म्हणायचं. लढाई सुरू व्हायच्या दहा वर्षं आधी तुम्ही काय ठरवलं होतं, ती स्ट्रॅटेजी. आपल्याच इतिहासातलं एक उदाहरण घेऊ म्हणजे फरक लगेच कळेल.

४ डिसेंबर १९७१ च्या रात्री निर्घात, निपात आणि वीर या भारतीय नौदलाच्या तीन छोट्या क्षेपणास्त्र बोटींनी कराचीवर हल्ला केला. ऑपरेशन ट्रायडंट. पाकिस्तानची 'खैबर' ही विनाशिका बुडाली, 'मुहाफिझ' हे सुरुंगशोधक जहाजही बुडालं. ४ डिसेंबर हा नौदल दिन असतो तो यासाठीच. आता बघा, त्या रात्री कोणत्या बोटीनं कोणत्या लक्ष्यावर कधी क्षेपणास्त्र सोडलं, हा झाला डावपेच. पण सोव्हिएत युनियनकडून या बोटी घ्यायचा निर्णय आधीच झालेला होता. त्या मुळात बंदराच्या रक्षणासाठीच्या बोटी. पल्ला कमी. त्यांना शत्रूच्या दारात न्यायचं तर सोबत मोठी जहाजं हवीत आणि तेल हवं. म्हणून 'किल्टन' आणि 'कच्छाळ' या जास्त लांबचं दिसणारे रडार असलेल्या युद्धनौका आणि 'पोषक' हे तेलवाहू जहाज यांची जोडणी केली गेली. रक्षणाचं हत्यार हल्ल्याला वापरायचं ही कल्पना, ही स्ट्रॅटेजी. क्षेपणास्त्राचं बटण दाबणं हा शेवटचा एक मिनिट.

मला जो गेम तुम्हाला सांगायचाय तो या शेवटच्या मिनिटाच्या आधीच्या सगळ्या काळाबद्दल आहे.

'रूल द वेव्ह्ज ३' म्हणजे नक्की काय

हा गेम २०२३ मध्ये आला. फक्त विंडोजवर चालतो, एकट्यानं खेळायचा, इंटरनेट खेळताना लागत नाही. तुम्ही एखाद्या देशाच्या नौदलाचे प्रमुख असता. ब्रिटन, जर्मनी, अमेरिका, जपान, इटली, रशिया, यातला एखादा देश निवडायचा. सुरुवात अगदी १८९० पासून करता येते आणि खेळ १९७० पर्यंत जातो. म्हणजे कोळशाच्या धुरातली जहाजं ते क्षेपणास्त्रं, मध्ये पाणबुड्या, विमानवाहू नौका, रडार, सगळं.

एक चाल म्हणजे एक महिना. दर महिन्याला सरकारकडून पैसे येतात. त्यातून नवी जहाजं बांधायची, जुनी सांभाळायची, संशोधनावर खर्च करायचा, गोदी वाढवायची. पैसे कधीच पुरत नाहीत. बाकीचे देशही हेच करत असतात आणि प्रत्येकाशी तुमचा एक तणावाचा आकडा असतो. मधूनच एखादा मंत्री विचारतो की अमुक देशाबद्दल काय भूमिका घ्यायची. कडक बोललात तर तणाव वाढतो, बजेटही वाढू शकतं. नरम बोललात तर शांतता राहते, पण तुमची पत घसरू शकते. पत फारच घसरली की तुम्हाला काढून टाकतात. गेम संपला. शत्रूनं हरवलंच पाहिजे असं नाही, आपलंच सरकार घरी पाठवतं! मला हे फार आवडतं.

युद्ध झालंच तर लढाया वरून बघायच्या, सपाट निळ्या नकाशावर. जहाजं म्हणजे छोट्या आकृत्या. स्फोटाचं सिनेमॅटिक दृश्य वगैरे काही नाही. स्क्रीनशॉट बघून माझा मावसभाऊ म्हणाला होता, "हे तर एक्सेल वाटतंय." बरोबर आहे. एक्सेल आवडत असेल तर तुम्ही अर्धी लढाई जिंकलात.

आणि म्हणूनच हा गेम साध्या लॅपटॉपवर चालतो. त्रिमितीय गेममध्ये प्रत्येक फ्रेमला समुद्राच्या लाटा, सावल्या, धूर, सगळं नव्यानं काढावं लागतं आणि ते काम ग्राफिक्स कार्डाचं. इथे तसं चित्र काढायचंच नाही, तर बहुतेक काम प्रोसेसरचं आहे आणि ते आकडेमोडीचं आहे. जुन्या लॅपटॉपचा पंखा बोंबलत नाही. त्रास एकच, अक्षरं बारीक आहेत आणि खिडक्यांवर खिडक्या उघडतात. घरी मॉनिटर किंवा टीव्ही जोडता येत असेल तर जोडा.

जहाज डिझाइन करताना काय कळतं

या गेमचा जीव म्हणजे जहाजाचं डिझाइन. एक फॉर्म समोर येतो: वजन किती टन, वेग किती, चिलखत किती इंच, तोफा किती आणि किती मोठ्या. सगळं जास्तीत जास्त भरलं की खाली लाल अक्षरात कळतं की वजन बसत नाही.

पहिल्यांदा प्रत्येकजण वेग वाढवतो. तिथेच फसतो. जहाजाला पाण्यातून ढकलायला लागणारी ताकद साधारण वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. २१ नॉटचं जहाज २४ नॉटचं करायचं म्हणजे वेग फक्त चौदा टक्क्यांनी वाढला, पण इंजिनाची ताकद जवळपास दीडपट लागते. (एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. म्हणजे २१ नॉट म्हणजे ताशी ३९ किलोमीटर, आपली एसटी पुढे निघून जाईल.) दीडपट ताकदीचं इंजिन म्हणजे जास्त बॉयलर, जास्त कोळसा, जास्त लांब जहाज. मग ते वजन कुठून आणणार? चिलखतातून.

आता चिलखताचा हिशोब बघा. एक चौरस मीटर पोलादी पत्रा, एक सेंटिमीटर जाडीचा, साडेअठ्ठ्याहत्तर किलोचा भरतो. १९०६ च्या ब्रिटिश 'ड्रेडनॉट' जहाजाच्या बाजूचं चिलखत सर्वात जाड ठिकाणी ११ इंच होतं, म्हणजे सुमारे २८ सेंटिमीटर. एका चौरस मीटरला झाले २.२ टन. एवढ्याशा जागेला एका मोठ्या एसयूव्हीचं वजन! आणि असं चिलखत जहाजाच्या दोन्ही बाजूंना लांबच्या लांब लावायचं. हे कळल्यावर 'वेग, चिलखत, तोफा, यातलं दोनच नीट मिळतं' हे वाक्य पाठ करावं लागत नाही.

त्याच 'ड्रेडनॉट'नं जगात काय गोंधळ केला तेही गेममध्ये अनुभवता येतं. त्याआधीच्या युद्धनौकांवर मोठ्या तोफा चारच असायच्या. हिच्यावर बारा इंची दहा. वर स्टीम टर्बाइन. ती आली त्या दिवशी जगातली बाकीची सगळी मोठी जहाजं, ब्रिटनची स्वतःचीसुद्धा, जुनी झाली. गेममध्ये तुम्ही चार वर्षं घासाघीस करून सहा युद्धनौका बांधता आणि शेवटची गोदीतून बाहेर पडते तोवर कोणीतरी असं काही पाण्यात सोडतं. फोन घेतल्यावर दोन महिन्यांत नवा मॉडेल येतो तेव्हा पोटात होतं तसंच होतं, फक्त इथे अख्ख्या देशाचा पैसा गेलेला असतो.

गोदी, गोदी आणि गोदी

नवीन खेळणारे सर्वात जास्त दुर्लक्ष करतात ते गोदीकडे. तुमच्या देशाच्या गोदीत जेवढं जहाज मावतं त्याहून मोठं बांधता येत नाही. गोदी वाढवायला पैसे लागतात आणि महिनोन्महिने थांबावं लागतं. युद्ध सुरू झाल्यावर सुचून उपयोग नसतो. दुसऱ्या देशाच्या कारखान्यात जहाज बांधून घेता येतं, पण त्यांच्याशीच बिनसलं तर काय? जपाननं १९०५ मध्ये त्सुशिमाला रशियाचं आरमार बुडवलं तेव्हा जपानी सेनापतीचं 'मिकासा' हे जहाज इंग्लंडमध्ये बांधलेलं होतं. जपानला ते बाहेरून मिळत होतं म्हणून निभावलं. पुढे त्यांनी स्वतःच्या गोद्या उभ्या केल्या त्या उगाच नाही.

इथे वालचंद येतात. १९१९ मध्ये त्यांनी आणि नरोत्तम मोरारजी वगैरे मंडळींनी सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. ५ एप्रिल १९१९ ला त्यांचं 'लॉयल्टी' हे जहाज मुंबईहून लंडनला निघालं, आणि आपला राष्ट्रीय सागरी दिन म्हणून तीच तारीख धरली जाते. ब्रिटिश कंपन्यांनी भाडी पाडून त्यांना मारायचा प्रयत्न केला. १९२३ मध्ये जो करार झाला त्यात सिंधियानं किती टनांची जहाजं ठेवायची यावरच मर्यादा घातली गेली. 'रूल द वेव्ह्ज'मध्ये मध्येच एखादा आंतरराष्ट्रीय करार येतो आणि तुमच्या जहाजांच्या टनांवर टाच येते, तेव्हा मला दर वेळी हेच आठवतं. तोफ न डागता दुसऱ्याचं आरमार छोटं ठेवायचा तो मार्ग आहे.

पण वालचंदांची खरी चाल पुढची होती. जहाजं विकत घेऊन भागणार नाही, बांधता आली पाहिजेत. जून १९४१ मध्ये विशाखापट्टणमला त्यांच्या जहाजबांधणी कारखान्याची पायाभरणी राजेंद्रप्रसादांच्या हस्ते झाली. ऐन महायुद्धात. मार्च १९४८ मध्ये तिथून 'जलउषा' हे जहाज पाण्यात उतरलं, नेहरूंच्या हस्ते. पायाभरणी ते पहिलं जहाज, जवळजवळ सात वर्षं. गेममध्ये गोदीचं बटण दाबून आपण एक-दीड वर्ष थांबतो आणि कुरकुरतो. विश्रामबागेतलं कॉलेज १९४७ मध्ये सुरू झालं आणि त्याला नंतर वालचंदांचं नाव मिळालं. तिथल्या किती मुलांना हा सगळा भाग माहीत असतो कोण जाणे. फाटकावरचं नाव रोज वाचतो आपण, पण वाचत नाही.

"पण मराठा आरमाराचा गेम नाही का?"

हा दुसरा हमखास प्रश्न. 'रूल द वेव्ह्ज' १८९० ला सुरू होतो, त्यामुळे तिथे आंग्रे नाहीत, आणि भारत हा देश म्हणून खेळता येत नाही. मराठ्यांना घेऊन खेळायचं असेल तर 'एम्पायर: टोटल वॉर' आहे, २००९ चा. त्यात अठराव्या शतकात मराठा सत्ता निवडता येते आणि समुद्रावरच्या लढाया वाऱ्याची दिशा बघून लढाव्या लागतात. जुना असला तरी त्याला ग्राफिक्स जरा जास्त लागतात, आणि खरं सांगायचं तर त्याचा जीव जमिनीवरच्या लढायांत आहे. आपल्या आरमाराचं खरं वैशिष्ट्य त्यात उतरलंय असं मला वाटत नाही.

ते वैशिष्ट्य काय होतं? मोठी, दोन-तीन डोलकाठ्यांची गुराबं आणि छोटी, वल्ह्यांवर चालणारी गलबतं. वारा पडला की इंग्रजांचं मोठं जहाज जागच्या जागी लोंबकळत उभं. त्या वेळी गलबतं वल्ही मारत गुराबांना ओढत नेत, शत्रूच्या मागच्या बाजूला, जिथे त्याच्या तोफा कमी. तिथून गुराब मारा करणार. मोठ्या जहाजाशी मोठं जहाज बनून भांडायचंच नाही. कान्होजी आंग्रे १७२९ मध्ये वारले तोवर इंग्रज आणि पोर्तुगीज, अगदी १७२१ मध्ये कुलाब्यावर दोघं मिळून आले तरी, त्यांना मोडू शकले नाहीत.

आणि मग फेब्रुवारी १७५६. विजयदुर्ग. किल्ला तोच, खाडी तीच, गिर्येजवळची खडकात कोरलेली गोदी तीच. पण तुळाजी आंग्रे आणि नानासाहेब पेशवे यांचं पटत नव्हतं, आणि पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली होती. आदल्या वर्षी सुवर्णदुर्ग गेलाच होता. वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर चालून आले तेव्हा तुळाजींचं आरमार किल्ल्याच्या आडोशाला बंदरात दाटीनं उभं होतं. एका जहाजाला गोळ्यानं आग लागली, ती शेजारच्याला, तिथून पुढच्याला. सगळं जळालं. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला.

आता हे गेम खेळणाऱ्याच्या नजरेनं बघा. तिथल्या खलाशांनी काय कमी शौर्य केलं असेल? पण दोन आघाड्यांवर तणाव लाल रेषेच्या वर, मित्र एकही नाही, आणि अख्खा ताफा एकाच बंदरात. अशा स्थितीत लढाईच्या पडद्यावर कितीही हुशारी दाखवा, फार काही हाती लागत नाही. 'रूल द वेव्ह्ज'मध्ये इटली घेऊन एकाच वेळी ब्रिटन आणि फ्रान्सशी बिघडवून बघा. दीड-दोन तासांत कळेल. शाळेत आपल्याला हा प्रसंग 'फितुरी' या एका शब्दात संपवून सांगतात. मला तो शब्द अपुरा वाटतो.

बाकीचे पर्याय, थोडक्यात

'कमांड: मॉडर्न ऑपरेशन्स' (२०१९) हा आधुनिक युद्धाचा बाप गेम. त्याची व्यावसायिक आवृत्ती खऱ्या सैन्यदलांकडून वापरली जाते. त्यात स्वतःचा प्रसंग बांधायची सोय आहे आणि शीतयुद्धाच्या काळातल्या जहाजांची मोठी यादी आहे, त्यामुळे हौस असेल तर ट्रायडंटची रात्र स्वतः मांडता येते. पण महाग आहे आणि शिकायला महिना जातो. दुसरा गेम म्हणून घ्या, पहिला नको. 'सी पॉवर' दिसायला अप्रतिम, नोव्हेंबर २०२४ मध्ये अर्धवट स्थितीत विक्रीला आला, ग्राफिक्स कार्ड लागतंच. 'अटलांटिक फ्लीट' फोनवरही आलेला गेम, आळीपाळीनं चाल करायची. फोनवर खरोखर डोकं लावायला लावणारा नौदलाचा गेम हवा असेल तर मी त्याचंच नाव घेईन.

विकत घेताना आणि पहिल्यांदा खेळताना

स्टीमवर किंमत रुपयांत दिसते. लगेच घेऊ नका, यादीत टाकून ठेवा, सेल लागला की मेल येतो. खरेदीपासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर स्टीम पैसे परत देतं. अडचण अशी की हा गेम दोन तासांत कळतच नाही. म्हणून आधी यूट्यूबवर कोणाचा तरी एक पूर्ण डाव बघा, कंटाळा आला तर पैसे वाचले.

टेलिग्रामवरच्या 'फुकट' फाईलींच्या नादी लागू नका. ज्या फाईलसोबत 'आधी अँटिव्हायरस बंद करा' असं लिहिलेलं असतं ती तुमच्या ब्राउझरमधले पासवर्ड उचलून न्यायला आलेली असू शकते. ज्या लॅपटॉपवर घरच्यांचं नेटबँकिंग चालतं त्यावर हा जुगार कशाला?

पहिल्या डावाला अमेरिका घ्या. बजेट भरपूर, शत्रू लांब. सुरुवात १९०० ला करा, ताफ्याचा आकार लहान ठेवा म्हणजे एका लढाईत चाळीस जहाजं हाकावी लागणार नाहीत. सुरुवातीचा ताफा कॉम्प्युटरला बनवू द्या, पहिली दोन-तीन डिझाइनंही त्यालाच करू द्या आणि नुसतं बघा की त्यानं वजन कुठे घातलंय. पहिल्याच महिन्यात गोदी वाढवायला लावा. जुनी जहाजं राखीव ठेवली की खर्च कमी होतो, पण युद्धाचा वास आला की दोन महिने आधीच बाहेर काढा, कारण खलाशी तयार व्हायला वेळ लागतो. मंत्र्यांनी विचारलं तर पहिली पाच वर्षं गोड बोला.

दुसरा डाव जपान. तिथे पैसे कमी, रशिया शेजारी. तो डाव जमला की मला कळवा, डिझाइनचे स्क्रीनशॉटही पाठवा. २४ नॉटवाली कोणी कोणी केली ते बघायचंय.